घाटातला तिसरा गिअर

मालवणात नवी गाडी दारात उभी राहिली, की पहिला प्रश्न किमतीचा नसतो. रंगाचाही नसतो. पहिला प्रश्न असतो, "किती देता?" म्हणजे लिटरमागे किलोमीटर किती. दुसरा प्रश्न, "मागे किती जणां बसतली?" आणि तिसरा, बॉनेट उघडून आत डोकं घातल्यावर, "पार्ट खंय गावतत?"

माझ्या गाडीला पहिल्या पेपरात डिस्टिंक्शन आहे. दुसऱ्यात ती काठावर पास. तिसऱ्यात सपशेल नापास. आणि चौथा प्रश्न, 'चालवायला कशी आहे?', तो कुणी विचारतच नाही. मालवणात नाही, आणि खरं सांगायचं तर पुण्यातही नाही. आज तोच घेऊन बसलेय.

आधी ओळख करून देते. २०१४ चं मॉडेल. चार मीटरच्या आतली हॅचबॅक. दीड लिटरचं टर्बो डिझेल इंजिन, शंभरेक हॉर्सपॉवर, रुंद टायर, कडक सस्पेन्शन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तिचं कौतुकही करणार आहे आणि उणीदुणीही काढणार आहे. तिची पहिली सात वर्षं हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गेली. २०२१ मध्ये मी लॅपटॉपसकट मालवणला घरी आले आणि इथूनच ऑफिसचं काम करू लागले. तेव्हापासून ती इथे आहे. नंबर एमएच-१४, मुक्काम एमएच-०७.

डिझेलचे सोन्याचे दिवस

दोस्तहो, थोडा इतिहास. घाबरू नका, परीक्षेला नाहीये.

आमच्या घरात डिझेल हा बाबांचा प्रांत. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांच्या लेखी डिझेल म्हणजे एसटी, ट्रक आणि बंदरातले ट्रॉलर. घरच्या छोट्या गाडीत डिझेल ही कल्पना आपल्याकडे रुजवली ती टाटांच्या इंडिकाने, डिसेंबर १९९८ मध्ये. ती पैसे वाचवायची, पण चालवताना मजा वगैरे अपेक्षा कुणी ठेवत नसे. मग जानेवारी २००७ मध्ये डिझेल स्विफ्ट आली. तिचं १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं. तेच इंजिन पुढे इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं, की लोक त्याला गमतीने 'नॅशनल इंजिन' म्हणू लागले. आपल्या रांजणगावातही ते बनायचं.

तेवढ्यात सरकारने नकळत या गाड्यांची लॉटरी काढली. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर मोकळे झाले, डिझेलचे मात्र नियंत्रणातच राहिले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं आणि डिझेल ४१ च्या आत होतं. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! त्यात २००६ च्या बजेटपासून चार मीटरच्या आतल्या आणि दीड लिटरपर्यंतच्या डिझेल गाड्यांना कमी अबकारी कर. म्हणजे मोठं मन असलेली छोटी गाडी बनवायला कंपन्यांना कारणच मिळालं.

त्यातूनच जन्माला आली ही खास जमात. फियाट पुंटोचं ९३ पीएसचं मॉडेल. २०१३ मध्ये चाकणची पोलो जीटी टीडीआय, १.६ लिटर, १०५ पीएस आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क. २०१४ मध्ये तिचंही इंजिन दीड लिटरचं झालं, म्हणजे करात बसलं. २०१५ ची फोर्ड फिगो, १०० पीएसची. दिसायला कॉलेजकुमार, अंगात पैलवान.

आणि मग लॉटरी बंद. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दरही मोकळे झाले. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं. छोट्या डिझेल गाडीला धूर गाळायची यंत्रणा बसवायची तर खर्च परवडेना. मारुती आणि फोक्सवॅगनने डिझेल सोडलं. जून २०२० मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं होतं! फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं ठरवलं, पोलो २०२२ मध्ये थांबली, आय-ट्वेंटीचं डिझेल २०२३ मध्ये गेलं. मे २०२५ मध्ये टाटांची अल्ट्रोझ नव्या रूपात आली, तेव्हा डिझेल इंजिन देणारी हॅचबॅक म्हणून ती एकटीच उरली होती. म्हणजे आज 'स्पोर्टी डिझेल हॅचबॅक' म्हटलं, तर जे काही मिळेल ते सेकंडहँडच.

पुण्यातला सासुरवास

शहरात या गाड्यांचे हाल बघवत नाहीत. टर्बोला फिरायला धुराचा जोर लागतो. पंधराशे-अठराशे आरपीएमच्या खाली तो झोपलेला असतो. तुम्ही अॅक्सिलरेटर दाबता, काहीच होत नाही. अजून दाबता, काही नाही. आणि मग एकदम मागून कुणीतरी ढकलल्यासारखी गाडी उडी मारते. तोवर पुढच्या रिक्षाने ब्रेक मारलेला असतो. वाकडच्या पुलाखाली संध्याकाळी सात वाजता असं चाळीस वेळा करून बघा. क्लच जड, त्यामुळे डाव्या पायाची फुकटात जिम होते.

पायापेक्षा वाईट अवस्था आत होते. हळू चालणाऱ्या डिझेल इंजिनात काजळी साठते. धुराचा काही भाग परत इंजिनात पाठवणारा ईजीआर नावाचा व्हॉल्व्ह असतो, तो या काजळीने चिकटतो. मग पिकअप मरतो, काळा धूर येतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. ऑफिस-घर-ऑफिस असं रोजचं आठ किलोमीटर ज्यांचं आयुष्य आहे, त्यांनी या गाडीच्या वाटेला जाऊ नये. पैसे वाचत नाहीत आणि गाडीही सुखी राहत नाही.

पंपावर वेगळंच टेन्शन. छोटी गाडी बघून पंपावरचा मुलगा सवयीने पेट्रोलची नळी उचलतो. मी दर वेळी खाली उतरून 'डिझेल' असं मोठ्याने सांगते. तरी एकदा नळी टाकीच्या तोंडापर्यंत पोचली होती. डिझेलच्या पंपाला आणि इंजेक्टरला वंगण मिळतं ते डिझेलचंच. पेट्रोल गेलं आणि तसंच इंजिन चालू केलं, तर बिलाचा आकडा पगाराच्या भाषेत येतो.

फोंड्याच्या घाटात

आणि तीच गाडी कणकवली सोडून फोंडा घाटाला लागली, की वेगळीच होते.

हॉर्सपॉवर आणि टॉर्क यांतला फरक मला पुस्तकातून कधी कळला नाही, घाटात कळला. २०११ ची स्विफ्ट घ्या. पेट्रोलवालीत ८७ घोडे, डिझेलवालीत ७५. म्हणजे पेट्रोल जास्त ताकदवान? थांबा. पेट्रोलचा टॉर्क ११४ न्यूटन-मीटर, तोही ४००० आरपीएमला. डिझेलचा १९०, आणि तो २००० लाच हजर. घोडे गाडी किती जोरात पळेल ते सांगतात, टॉर्क ती चढणीवर किती दमेल ते सांगतो. पेट्रोल गाडी घाटात ओरडायला लागते आणि तुम्ही दुसऱ्या गिअरवर येता. माझी गाडी तिसऱ्यात, दोन हजारावर, गुणगुणत चढते.

हा तिसरा गिअर म्हणजे या गाडीचा खरा फंडा. समोर कोल्हापूरकडे निघालेला मासळीचा ट्रक आहे. वळण संपलं, पुढचा रस्ता लांबवर मोकळा दिसतोय. गिअर बदलायचा नाही, फक्त पाय दाबायचा. ट्रक मागे पडतो. समोरच्या लेनमध्ये तुम्ही जितका कमी वेळ घालवता तितके तुम्ही सुरक्षित, आणि हा वेळ ही गाडी जवळजवळ निम्म्यावर आणते असं मला वाटतं. वळणांवर ते कडक सस्पेन्शन कामी येतं. आचऱ्याहून कुणकेश्वरकडे सागरी मार्गाने सकाळी सहाला जाऊन बघा. एका बाजूला माड, मधूनच समुद्र, रस्त्यावर फक्त पाववाला. स्टिअरिंग जेवढं वळवाल तेवढीच गाडी वळते, झुलत नाही. हे सुख एक्सेल शीटमध्ये मांडता येत नाही.

शिवाय 'किती देता?' हायवेला वीसच्या वर. मालवण-कोल्हापूर-पुणे आणि परत, एका टाकीत. इथे मालवणकर गप्प होतो.

खारा वारा, लाल माती

फार हुरळू नका. समुद्रकाठी गाडी पाळणं म्हणजे लोणचं घातलेलं लोखंड सांभाळणं.

रात्रभर गाडी उभी राहिली, की सकाळी ब्रेकच्या चकत्यांवर नारिंगी गंज. पहिल्या दोन ब्रेकला खर्र आवाज येतो आणि तो निघून जातो, तेवढं चालतं. पण खालचे नट-बोल्ट, सायलेन्सर, सीटखालच्या पट्ट्या यांना खारा वारा हळूहळू खातो. त्यामुळे महिन्यातून एकदा गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायचीच. देवबागला पुळणीत गाडी घालून रिळं काढणाऱ्या पर्यटकांना माझा सप्रेम नमस्कार. ती वाळू आणि ते मीठ तुमच्यासोबत मुंबईला येतं.

पावसात उंदीर इंजिनाच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. माडाखाली गाडी लावायची नाही, हे तर इथलं पोरही सांगेल. चिऱ्याचे तुकडे पडलेल्या रस्त्यावर रुंद, बुटक्या टायरची कड कापली जाते, आणि त्या मापाचा टायर मालवणात मिळत नाही. कोल्हापूरहून येईपर्यंत स्टेपनीवर दिवस काढायचे.

सगळ्यात गंभीर गोष्ट पाण्याची. ओढ्यावरच्या कॉजवेवरून पाणी जात असेल तर थांबा. ही गाडी बुटकी. हवा ओढायच्या नळीतून पाणी इंजिनात गेलं, तर पिस्टन ते दाबायला बघतो. हवा दबते, पाणी दबत नाही. डिझेलमध्ये दाब पेट्रोलपेक्षा बराच जास्त, त्यामुळे आतला कनेक्टिंग रॉडच वाकतो. बंद पडलेली गाडी पाण्यात पुन्हा स्टार्ट करून बघायचा मोह अजिबात नको.

राहता राहिली मागची सीट. गुडघे हनुवटीला लागतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायची असते. ती पुढच्या सीटवर, बाबा मागे अर्धे उभे राहून मूर्तीच्या खांद्याला धरून, आणि मी ताशी दहाच्या वेगाने. शंभर घोड्यांची गाडी! बैलगाडीने आम्हाला मागे टाकलं असतं.

शिटी

गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा बाबांनी एकदाच प्रदक्षिणा घातली आणि निकाल दिला. "दिसाक मोटार, आवाज टेम्पोचो." त्यानंतर दोन वर्षं त्यांनी तिच्याविषयी अवाक्षर काढलं नाही.

मग २०२३ च्या उन्हाळ्यात गाडीचा दम गेला. घाटात तिसरा गिअर नाही, दुसराही नाही. काळा धूर. मी ती एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. कॉम्प्युटर लावला, प्रिंटआउट निघाला. टर्बो गेला, पूर्ण बदलावा लागेल, सत्तर हजारांच्या आसपास. विचार करून सांगते म्हणाले आणि गाडी तशीच हळूहळू घरी आणली.

अंगणात शिरताना बाबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "बाय, गाडी शिटी मारता. पाइप बघ आधी."

कुडाळजवळच्या एका गॅरेजवाल्याकडे गेले. त्याने इंजिन चालू ठेवून कुणाला तरी अॅक्सिलरेटर द्यायला सांगितलं आणि रबरी पाइपांवरून हात फिरवला. टर्बोने दाबलेली हवा इंजिनाकडे नेणारा पाइप खालच्या बाजूने चिरलेला होता. "टर्बो बरो आसा. ह्यो पाइप फाटलो." पाइप आणि मजुरी मिळून साडेचार हजार. टर्बो तोच आहे, अजून चालतोय.

यातून मी जे शिकले ते लिहून ठेवा. सेन्सर दाब कमी आहे एवढंच सांगतो. का कमी आहे ते माणसानेच शोधायचं असतं. जुनी टर्बो गाडी ठेवायची, तर असा एक माणूस आधी शोधा आणि मग गाडी. बाबांनी त्या दिवसापासून तिला स्वतःच्या शिस्तीत घेतलं. घाट चढून आलं की लगेच इंजिन बंद करायचं नाही, मिनिटभर तसंच चालू द्यायचं. टर्बोचं पातं मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. गरम असताना तेल थांबलं, की तेल जळतं आणि बेअरिंग झिजतं. बाबांनी हे कुठेही वाचलेलं नाही.

बांबोळीची रात्र

गेल्या वर्षी जूनमध्ये, पावसात, रात्री साडेदहाला बाबांच्या छातीत दुखायला लागलं. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, गोळ्या दिल्या. म्हणाले, आत्ता स्थिर आहेत, पण सकाळची वाट बघू नका, बांबोळीला न्या. सिंधुदुर्गात हे वाक्य प्रत्येक घराला माहीत आहे. हृदयाचं काही असलं, की गोवा मेडिकल कॉलेज.

शंभरेक किलोमीटर. शेजारची नर्स ताई मागे बसली, पाय आडवे करून. बाबा पुढे, सीट मागे झुकवून. चौके, धामापूर, कुडाळ. अंधार, वळणं, वायपर पूर्ण जोरात.

मी गाडी पळवली नाही. मला त्या रात्री कळलं, की जोरात जाऊ शकणारी गाडी हळू चालवायला किती सोपी असते. चढ आला तरी गिअरची खडखड नाही, इंजिनाचा आक्रोश नाही. ओल्या वळणावर ती रस्ता सोडत नाही, त्यामुळे हात शांत राहतात. खड्डा मात्र बाबांच्या छातीपर्यंत पोचायचा. प्रत्येक खड्ड्याला मी त्या कडक सस्पेन्शनला मनात शिव्या घातल्या. एकाच गुणाचे दोन चेहरे.

झाराप गेलं, चौपदरी रस्ता सरळ झाला. बाबा डोळे मिटूनच बोलले, "गाडी बरी जाता हां."

दुसऱ्या दिवशी स्टेंट बसली. आता बाबा ठणठणीत आहेत, आणि माझ्या इंजिन ऑइलच्या तारखा त्यांच्या डायरीत आहेत.

विकू का?

भावाचा मुंबईहून फोन येतो. "ताई, विक आता ती. ऑटोमॅटिक एसयूव्ही घे. बाबांना चढा-उतरायला सोपी." मुद्दा बिनतोड आहे. बुटक्या गाडीतून उठताना बाबांचे गुडघे बोलतात.

म्हणून मी बसून हिशेब केला. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर, त्यात बांबोळीच्या तपासण्यांच्या फेऱ्या. २०२५ मध्ये आमच्याकडे डिझेल नव्वदीत, पेट्रोल शंभरीच्या पुढे. अठराच्या सरासरीने माझा खर्च पाऊण लाखाच्या आसपास. पेट्रोल ऑटोमॅटिकने बाराचं अॅव्हरेज दिलं, तर सव्वा लाखाच्या पुढे. पन्नासेक हजार वाचले म्हणून नाचू नका. जुन्या गाडीच्या दुरुस्तीत त्यातले तीस-पस्तीस जातात. थोडक्यात, वीस हजार वाचवण्यासाठी कुणी एवढी कटकट करणार नाही. उलट नव्या गाडीला बारा-तेरा लाख मोजायचे, आणि दलाल माझ्या गाडीचे दोन लाख देतो.

दुसरा हिशेब धुराचा. तो टाळला तर हा कॉलम अर्धवट. बीएस-४ डिझेल गाडीला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडायची मुभा होती, बीएस-६ मध्ये ती ८० वर आली. काजळीची मर्यादा २५ वरून साडेचारवर. आणि कागदावरचे आकडेसुद्धा सगळे खरे नव्हते. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनची चाचणी चुकवणारी सॉफ्टवेअरं अमेरिकेत उघड झाली, आणि त्या डिसेंबरात भारतातल्याही सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीला बोलावल्या गेल्या. मी आज पुण्यात असते, तर या एका कारणासाठी गाडी विकली असती. गर्दीच्या शहरात माणसांच्या नाकाशी हा धूर सोडणं बरोबर नाही.

पण मी मालवणात आहे, आणि अकरा वर्षांच्या गाडीची खरी किंमत दलालाच्या आकड्यात नसते. कुठला आवाज नेहमीचा आणि कुठला नवा, हे मला कळतं. कुठला पाइप बदललाय, कुठला बदलायचाय, हे गॅरेजवाल्याला माहीत आहे. ही ओळख विकत मिळत नाही. नोंदणी २०२९ पर्यंत आहे. तोवर ठेवायची. बाबांच्या सीटवर एक जाड उशी आली आहे, गुडघ्यांचं तेवढ्याने भागतंय. २०२९ ला तपासणी करून पाच वर्षं वाढवता येईल, पण तेव्हा बाबांचे गुडघे काय म्हणतात ते आधी ऐकेन.

तुम्हाला घ्यायचीच असेल तर...

• रोजचं रनिंग कमी आणि फक्त शहरातलं असेल, तर विषय इथेच संपवा.

• गाडी बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाहीये.

• तिसऱ्या गिअरात पंधराशे आरपीएमवरून पाय पूर्ण दाबा. दोन हजाराच्या आसपास ढकलल्यासारखं वाटलं पाहिजे. शिटी ऐकू आली, तर आधी पाइप बघा.

• टायमिंग बेल्टवाली गाडी असेल, तर तो कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नाही म्हणजे बदललेला नाही असंच धरा. तो तुटला, तर इंजिनच जातं.

• गाडी किनाऱ्यावरची असेल, तर कार्पेट उचला आणि सीटच्या पट्ट्यांवर गंज आहे का बघा.

आणि शेवटचं. ट्रायल घेताना विकणाऱ्याला मागच्या सीटवर बसवा आणि गाडी खड्ड्याच्या रस्त्याने न्या. परत येईपर्यंत किंमत आपोआप कमी होते.